क्राउन ३१८, पिनियन ५४२

कोहमारा,
९ जानेवारी २०२५

आदरणीय बकाराम उस्ताद,
सादर नमस्कार.

काल फोन केला होता. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुमच्या सूनबाई प्रेमिलाताईंनी मध्ये बोलून सांगायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, ‘पिनियनचे तीन दात गेले.’ त्यांनी तुम्हाला सांगितलं, ‘खुमेंद्रचे तीन दात गेले.’ त्यावर तुम्ही ‘बरं झालं’ म्हणालात, ते मात्र मला इकडे स्पष्ट ऐकू आलं. म्हणून यापुढे लिहीतच जाईन. दुधराम रोज काळीपिवळी जीप घेऊन तिकडे येतो, त्याच्याकडे पत्र देत आहे. उत्तरही त्याच्याजवळच द्यावं.

माझे दात शाबूत आहेत. गेले ते धनलालमामांच्या दहाचाकी गाडीचे. मंगळवारी तांदळाची पोती भरून गाडी रायपूरला निघाली. देवरीच्या अलीकडच्या चढावर मागून फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. इंजिन चालू, शाफ्ट फिरतोय आणि गाडी जागीच धक्के खातेय. ओढून गॅरेजला आणली, डिफरन्शियल उतरवलं, तर पिनियनच्या सहांपैकी तीन दातांचा चुरा तेलात सापडला. मामा म्हणतात, ‘येवढ्याशा लोखंडानं येवढी गाडी उभी होते का?’ मी सांगितलं की इंजिनचा सगळा जोर लहान पिनियनच्या या सहा दातांतून मोठ्या क्राउनच्या एकेचाळीस दातांवर जातो आणि तिथून चाकांवर. त्यांनी मान हलवली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

दोष कोणाचा, हे मामांनी चहा यायच्या आधीच ठरवून टाकलं. दोष ड्रायव्हरचा. प्रफुल लांजेवार दोन वर्षांपासून ही गाडी चालवतो. त्यानं चढावर क्लच झटक्यात सोडला म्हणून दात उडाले, असं मामांचं म्हणणं. मलाही तसंच वाटतं. ही क्राउन-पिनियनची जोडी मी नोव्हेंबरात स्वतः बसवली. तुम्ही गॅरेज माझ्यावर सोडून गेल्यानंतरचं ते माझं पहिलं डिफरन्शियल. एकेक नट मोजून आवळला होता. प्रफुल म्हणतो की गाडी आधीपासूनच आवाज करत होती. काहीही मोडलं की ड्रायव्हरला आधीचा आवाज आठवतो.

२६ तारखेच्या रविवारी ढाब्यावर सगळे मालक बसतील, तेव्हा मामा सर्वांसमोर सांगणार आहेत की हा माणूस झटके देऊन गाडी मारतो. एकदा कोहमाऱ्यात असं बोललं गेलं की या रस्त्यावर त्याच्या हाती कोणी स्टिअरिंग देत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. वाईट वाटतं. पण ज्याचं त्यानं भोगावं.

माझी अडचण सामानाची आहे. मामांना आता सदतीस दातांचा क्राउन हवा, कारण तो लावलेली दुसऱ्या एका मालकाची, दुलीचंदची, गाडी म्हणे नव्वदनं पळते. गोंदियाच्या गजेंद्रनं नागपूरच्या भंगार बाजारातल्या वापरलेल्या जोडीचा फोटो पाठवला आहे. तेल चोपडून फोटो काढला की भंगारही नवरदेवासारखं दिसतं. ‘एकदम मक्खन माल’ असं त्यानं खाली लिहिलं आहे आणि मक्खनमध्ये दोन चुका केल्या आहेत. तिसरा मार्ग म्हणजे आपल्या फळीवर डब्यात असलेली एकेचाळीसचीच नवी जोडी. मला तीच योग्य वाटते. तरी तुम्ही सांगाल तसं करीन. बेअरिंग चारही बदलायचे की फक्त पिनियनचे दोन, हेही कळवावं.

आपला आज्ञाधारक,
खुमेंद्र पटले


प्रतापगड,
१२ जानेवारी

खुमेंद्र,

तुये दात गेले असते तर खरंच बरं झालं असतं. निदान बोलणं तरी कमी केलं असतंस. तुयं पत्र वाचता वाचता चहा थंडा झाला, तुया काकीनं, रुख्मानं, तो दोनदा गरम केला आणि मंग स्वतःच पिऊन टाकला.

धनलालले सांग, सदतीसचा क्राउन लावून गाडी पळते, पण कोणती? रिकामी. तुया मामा तांदूळ नेते की हवा नेते? भरली गाडी घेऊन देवरीचा चढ चढला की तो क्राउन क्लच जाळते. रोज जळल्याचा वास घ्याचा असन तर लाव म्हणा. दुलीचंदच्या गाडीपुढं रस्ता सपाट आहे आणि मागं तो स्वतः बढाया मारून राहिला, म्हणून ते पळते.

गजेंद्रचं मक्खन त्याच्याच पोळीवर लावू दे. भंगारातली जोडी कोणत्या गाडीनं टाकली, कायले टाकली, त्याले माहीत आहे का? ज्यानं टाकली त्याले मक्खन नको होतं का?

आता तुयं. तू मले सामान विचारतोस. मोडलं काऊन, हे माहीत नसताना सामान कसं निवडतोस? डॉक्टर आधी पोट दाबते, मंग गोळी देते. तू आधी दुकानात जाऊन गोळ्यांचे रंग पाहून राहिला. मले हे लिही. दात ताजे तुटले की आधी घासले, मंग तुटले? क्राउनवर चकाकी कुठं आहे, दाताच्या मधात की एका कडेले? आणि तो आवाज गाडी ओढताना येत होता की ॲक्सलरेटर सोडल्यावर? ड्रायव्हर खोटं बोलन, डिफरन्शियल खोटं बोलत नाही. मी बहिरा होतो तरी पंधरा वर्षं पायाच्या तळव्यानं ऐकत होतो. तुले देवानं दोन धड कान दिले आहेत. ते टोपी अडकवाले दिले नाहीत.

फळीवरची जोडी लावाची असन तर आधी दोघांवर कोरलेला नंबर पाहा. क्राउनच्या पाठीवर असते आणि पिनियनच्या टोकावर असते. कारखान्यात एकाले दुसऱ्यावर घासून काढतात, म्हणून दोघांले एकच नंबर देतात. नंबर सारखा नसन तर ते जोडी नाही. दोन लोखंडं आहेत.

बकाराम


कोहमारा,
१५ जानेवारी

आदरणीय उस्ताद,
सादर नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मामांना सदतीसचं सांगितलं. ते म्हणाले, ‘बकाराम म्हातारा झाला.’ पण मग पुन्हा सदतीसचं नाव काढलं नाही. गजेंद्र स्वतः जोडी कंपनीच्या डब्यात घालून आला होता. मी डब्यावर बोट फिरवलं तर बोटाला रंग लागला. तो म्हणाला, ‘भाऊ, ये कंपनी का पेंट है.’ मी विचारलं की कोणती कंपनी काल रात्री रंग देते? तो डबा उचलून निघून गेला आणि जाताना दाराशी ठेवलेला माझा पाना पायानं उडवून गेला.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं क्रमानं देतो.

दात आधी घासले गेले आणि मग तुटले. तुटलेल्या ठिकाणी थोडाच भाग ताजा, चांदीसारखा आहे. बाकीचा काळपट आहे. म्हणजे तडा जुना होता.

क्राउनवरची चकाकी मधोमध नाही. बाहेरच्या कडेला नखाएवढी रेघ आहे, प्रत्येक दातावर.

आवाजाचं मी प्रफुलला विचारलं. मामांनी त्याला सध्या गोदामात पोती उतरवायला लावलं आहे. मी गेलो तेव्हा पाठीवर पोतं होतं. ते त्यानं खाली ठेवलं नाही, तसाच उभा राहून बोलला. ‘आता विचारून राहिला का? ओढताना येत होता. चौथ्या गिअरात. पहिल्याच हप्त्यापासून. तीन खेपा सांगितलं तुले.’

हे खरं आहे. तीनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा मी म्हटलं की नवी जोडी आहे, घासून बसेल. दुसऱ्यांदा तेल पाहिलं आणि भरपूर आहे म्हणून पाठवलं. तिसऱ्यांदा मी दुसऱ्या गाडीखाली होतो. मी झोपूनच सांगितलं की गाण्याचा आवाज कमी कर म्हणजे हा आवाज ऐकू येणार नाही. मला तेव्हा ते उत्तर फार चांगलं वाटलं होतं.

तरी क्लच झटक्यात सोडलाच नसेल, असं मी अजूनही म्हणत नाही.

फळीवरची जोडी अजून उघडून पाहिलेली नाही. कामाचा व्याप आहे. तोवर तुम्ही बेअरिंग आणि वॉशरचं कळवावं, म्हणजे सगळं एकदमच आणता येईल.

आपला,
खुमेंद्र


प्रतापगड,
१७ जानेवारी

खुमेंद्र,

दोन पानं लिहिली. गजेंद्रचं लिहिलं, पान्याचं लिहिलं, प्रफुलच्या पाठीवरच्या पोत्याचं लिहिलं. नंबर कुठं आहे?

तू सहा वर्षांपासून माया हाताखाली आहेस. डब्याच्या झाकणावरची धूळसुद्धा तू मोजून ठेवतोस. आणि असा माणूस गाडी खोलून आठ दिवस झाले तरी नंबर पाहत नाही? मले बहिरा म्हण, आंधळा म्हणू नको.

मले समजून राहिलं. नोव्हेंबरात तू गजेंद्रकडूनच नकली जोडी आणली आणि असली सांगून बसवली. होय की नाही? तसं असन तर गॅरेजची चाबी दुधरामजवळ पाठवून दे आणि तूच पोती उतरवाले जा.

बकाराम


कोहमारा,
१९ जानेवारी

आदरणीय उस्ताद,

मी नकली जोडी आणलेली नाही. तसं असतं तर बरं झालं असतं, दोष गजेंद्रवर गेला असता.

खरं लिहितो. नंबर मी दहा तारखेलाच पाहिले होते. तुमचं पत्र यायच्या आधीच.

मामांच्या गाडीतून निघालेला क्राउन ३१८ आहे. मोडलेला पिनियन ५४२ आहे. मग मी फळीवरचा डबा उघडला. त्यातला क्राउन ५४२ आहे आणि पिनियन ३१८.

हे दसऱ्याला झालं. बंद डब्यातल्या सामानाला पूजा लागत नाही, असं तुम्ही म्हणता, म्हणून आपण दरवर्षी सगळं बाहेर काढून डिझेलनं धुतो आणि हळदकुंकू लावतो. तुम्ही प्रत्येक जोडी तारेनं एकत्र बांधूनच धुता. या खेपेला मी तारा कापल्या. तारेखाली गंज धरतो असं मला वाटलं आणि बांधलेलं सामान मांडायला नीट दिसत नव्हतं. मागच्या बाजूला दोन्ही क्राउन ठेवले, पुढे दोन्ही पिनियन आणि मध्ये झेंडू. पाने लहानापासून मोठ्यापर्यंत लावले. तुम्ही खुर्चीवर नारळ घेऊन बसला होता. सगळं पाहून म्हणालात, ‘शाबास.’ सहा वर्षांत तेवढं एकदाच म्हणालात, म्हणून मला तारीख आठवते.

दुसऱ्या दिवशी मी सगळं डब्यांत भरलं. दोन्ही जोड्या एकाच मापाच्या, डोळ्यांना फरक नाही. नोव्हेंबरात बसवताना मी डब्याच्या लेबलवरचा नंबर वाचला, वहीत सुवाच्य अक्षरात लिहिला आणि लोखंडावरचा पाहिला नाही. निळा रंग लावून दातांचा ठसा पाहिला तेव्हा तो कडेला येत होता. मी पत्र्याच्या चकत्या कमीजास्त केल्या. थोडा मध्ये सरकला. तेवढ्यावर मी समाधान मानलं, कारण मामा बाहेर हॉर्न वाजवत होते.

म्हणजे प्रफुलनं काहीही केलेलं नाही. तो दोन महिने दोन लोखंडं एकमेकांवर घासत नेत होता आणि मला सांगत होता.

आता विचारतो, त्याचं खरं उत्तर द्या. चारही तुकडे मी भंगारात टाकले आणि नवी जोडी बसवली तर कोणालाही कळणार नाही. मी मामांच्या बहिणीचा मुलगा आहे, ते मला विचारणारही नाहीत. पाटीवर नाव तुमचं आहे. ‘बकारामच्या गॅरेजनं चुकीची जोडी घातली’ असं ढाब्यावर झालं तर तुमची चाळीस वर्षं जातात. प्रफुल तरुण आहे, कुठेही काम मिळेल. मी त्याला दुसरीकडे शिफारस करू शकतो.

रविवारला सात दिवस आहेत. मला झोप नीट लागत नाही. तुम्ही सांगाल तसं करीन.

खुमेंद्र


प्रतापगड,
२२ जानेवारी

खुमेंद्र,

तुयं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या खेपेले राग आला. दुसऱ्या खेपेले हसू आलं. तिसऱ्या खेपेले रुख्मा म्हणाली, ‘तोंड काऊन असं केलं?’

शिफारस करतोस? काय लिहिशीन? ‘हा माणूस चांगला आहे, याच्यावर मी खोटा आळ येऊ दिला’, असं? तुयं अक्षर चांगलं आहे, शोभून दिसन.

मायं नाव कायले मधात आणतोस? चाळीस वर्षं मी गाड्या खोलल्या, नाव नाही खोललं. पाटीले येवढा जीव लावला असन तर उतरव आणि घरी नेऊन तिची पूजा कर. तारेनं बांधून कर.

तुले तुया मामा वाचवते. मले मायं म्हातारपण वाचवते, बहिऱ्या माणसाले कोण बोलन? प्रफुलले कोण वाचवते? त्याच्याजवळ एक स्टिअरिंग आहे, दुसरं काही नाही. तू कुठंही काम मिळन म्हणतोस. मिळन ना. पोत्याखाली.

आता मायी गोष्ट ऐक. दसऱ्याले तारा कापलेल्या मले दिसल्या होत्या. नारळ हातात होता, पूजा चालू होती, रांग देखणी दिसत होती. म्हटलं, नंतर सांगीन. नंतर जेवण झालं, मंग झोप आली, मंग दिवाळीले मी इकडं निघून आलो. त्या दिवशी शाबास म्हणाचं नव्हतं, एक थापड द्याची होती. तितकी चूक मायी आहे. ते मी घेतो. बाकीची तुयी आहे, ते तू घे. वाटणी करताना मामाले बोलावू नको.

सामान लिहून घे. नवी जोडी, एकेचाळीसचीच. गोंदियाले कंपनीच्या काउंटरवर जा, डबा तिथंच फोड आणि लोखंडावरचा नंबर तिथंच वाच. दुकानदार हसन, हसू दे. बेअरिंग चारही नवे. चुरा तेलात फिरला आहे, जुना बेअरिंग तो गिळून बसला असन. आतल्या लहान गिअरांचे वॉशर नवे, सील नवं. हाउसिंग डिझेलनं तीनदा धू. ठसा मधात आल्याशिवाय झाकण लावू नको, बाहेर मामा नाही तर मंत्री हॉर्न वाजवत असो.

रविवारचं मले विचारू नको. तुले तोंड आहे.

बकाराम


कोहमारा,
२८ जानेवारी

आदरणीय उस्ताद,
सादर नमस्कार.

रविवारी झेंडावंदन आटोपून मालक मंडळी ढाब्यावर बसली. धनलालमामा, दुलीचंद आणि आणखी सातआठ जण. ड्रायव्हर नेहमीसारखे बाहेरच्या बाजेवर. प्रफुल त्यांच्यातही नव्हता, तो पानठेल्याजवळ एकटा उभा होता. मामांनी घसा साफ करून ‘हे पाहा भाऊ’ म्हटलं आणि मी चारही तुकड्यांचं पोतं टेबलावर ठेवलं. पोह्याची एक प्लेट खाली पडली.

मी पाठ करून गेलो होतो. पहिलं वाक्य विसरलो. मग तुकडे मांडले आणि नंबर वाचायला लावले. दुलीचंदनं चष्मा काढून वाचले. मी सांगितलं की जोड्या दसऱ्याला माझ्या हातून बदलल्या, चुकीची जोडी मी बसवली आणि प्रफुलनं तीन वेळा सांगूनही मी ऐकलं नाही.

एका जणानं नंबर पुन्हा वाचून पाहिले. मग सगळे हसले. इतके हसले की ढाबेवाला बाहेर आला. एक जण म्हणाला, ‘पुढच्या दसऱ्याले यानं टायर बदलवले नाही म्हणजे झालं.’ दुसरा म्हणाला, ‘पुजारी व्हाचं सोडून हा मिस्त्री कायले झाला?’ मामा हसले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, ‘पोरगं भोळं आहे. देवाच्या कामात झालं, त्यात कोणाची चूक नाही.’

तेव्हा प्रफुल आत आला. ‘मालक, माया वेळेस माणसाची चूक होती. भाच्याच्या वेळेस देवाची झाली का?’

मामा म्हणाले, ‘झालं गेलं सोड. उद्यापासून गाडी घे.’

‘घेत नाही,’ प्रफुल म्हणाला. मग माझ्याकडे वळला. मला वाटलं, मारतो. मी माफी मागितली. तो म्हणाला, ‘माफी राहू दे तुयाजवळ. आज दहा जणांनी ऐकलं. उद्या ते अर्धं सांगतीन, परवा उलटं सांगतीन. लिहून दे.’

मी तिथंच कागद घेतला आणि लिहिलं की सदर गाडीच्या दुरुस्तीत गॅरेजकडून चूक झाली. त्यानं ते मोठ्यानं वाचलं. ‘गॅरेजकडून म्हणजे? त्या टिनाच्या शेडकडून? शेडनं जोडी बसवली का बे?’ पुन्हा हसले. मी दुसरा कागद घेऊन माझं नाव लिहिलं. तो म्हणाला, ‘तीन खेपा सांगितल्याचं कुठं आहे?’ तेही लिहिलं. ‘आणि तू काय म्हणाला होतास, ते?’ मी म्हटलं, ते कशाला? त्यानं कागदावर बोट ठेवलं. मी गाण्याच्या आवाजाचंही लिहिलं. खाली सही केली आणि तारीख घातली.

दुलीचंद सगळं पाहत होता. तो प्रफुलला म्हणाला, ‘मायी गाडी चालवशीन का? मायावाले तर चाक निघून पडलं तरी सांगत नाहीत. तू दोन महिने आधी सांगतोस.’ बाजेवरचे त्याचे ड्रायव्हर दुसरीकडे पाहू लागले. प्रफुलनं कागद खिशात घातला आणि ‘पाहतो’ म्हणाला. काल तो दुलीचंदची गाडी घेऊन रायपूरला गेला.

मामा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं, घरची गोष्ट मी चव्हाट्यावर नेली. आईचा फोन आला होता. ती मामांच्याच बाजूनं बोलली.

तुमच्या वाटणीची चूक मी तिथं सांगितली नाही. सांगायला हवी होती का, हे कळवावं.

खुमेंद्र


प्रतापगड,
३१ जानेवारी

खुमेंद्र,

ते सांगाचं काम मायं आहे, म्हणून मी धनलालले वेगळं पत्र लिहिलं. तो वाचणार नाही, पण दुधरामनं रस्त्यात फोडून वाचलं असन, म्हणजे अर्ध्या तालुक्याले समजलं.

पोहे सांडवल्याबद्दल ढाबेवाल्याची माफी मागितली का? नसन तर माग. तोच येक तिथं बिनकसूर होता.

नवी जोडी बसवल्यावर मले लांबलचक पत्र लिहू नको. गाडी चढावर ने आणि ऐक.

बकाराम


कोहमारा,
१६ फेब्रुवारी

आदरणीय उस्ताद,
सादर नमस्कार.

लांब लिहू नको म्हणालात, तरी थोडं लिहितो.

जोडी आणली. काउंटरवर डबा फोडला तेव्हा दुकानदार तुम्ही म्हणालात तसाच हसला. ठसा मधोमध यायला मला दीड दिवस लागला. मामांनी दोन वेळा माणूस पाठवला, एकदा स्वतः आले आणि माझ्याशी न बोलता माझ्या हातोडीशी बोलून गेले, ‘अजून झालं नाही का?’ मी भरली गाडी देवरीपर्यंत नेली. खिडकीची काच लावली आणि चपला काढून पाय खाली टेकवले. ओढताना शांत. सोडल्यावर शांत. मामांनी नवा ड्रायव्हर ठेवला आहे. तो सारखी गाणी लावतो.

प्रफुल मला दिसतो, पण थांबत नाही. दुलीचंदची गाडी आपल्या दारावरून जाते आणि तेल बदलायला चार किलोमीटर पुढे जाते. प्रफुलनं माझा कागद सडक अर्जुनीला जाऊन प्लास्टिकमध्ये मढवून घेतला आहे आणि केबिनमध्ये, जिथं बाकीचे देवाचा फोटो लावतात तिथं, लावला आहे. माझं नाव, माझी सही आणि गाण्याचं ते वाक्य रोज रायपूरला जाऊन परत येतं. नाक्यानाक्यावर लोक वाचतात. दुधराम सांगतो की दुर्गच्या एका ढाब्यावर कोणी त्याचा फोटोही काढला. अक्षर सुवाच्य असल्याचं पहिल्यांदाच वाईट वाटलं.

परवा छत्तीसगडची एक गाडी दारात उभी राहिली. ड्रायव्हर पन्नाशीचा, कैलाश नावाचा. खाली उतरला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, ‘खुमेंद्र तुम ही हो? वो दशहरे वाला?’

मी हो म्हटलं.

‘देखने आया था, कौन गधा है.’ त्यानं तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि जायला वळला. मग पायरीवर थांबला. ‘अब आ ही गया हूँ तो गाड़ी भी सुन लो. आठ दिन से कुछ बोल रही है. तीन मिस्त्री को बताया. तीनों बोले, चलने दो.’

मी पाना खाली ठेवला आणि केबिनमध्ये त्याच्या शेजारी बसलो. देवरीपर्यंत गेलो आणि परत आलो, तो बोलत होता, मी एक शब्द बोललो नाही. आवाज ओढताना येत नव्हता, सोडल्यावर येत होता. तुम्हाला विचारायचा विचार मनात आला, पण दुधराम निघून गेला होता. मी उघडलं. पिनियनचा नट ढिला झाला होता. आणखी शंभर किलोमीटर गेला असता तर दात उरले नसते.

सगळं बसवून मी हात धुतले तेव्हा कैलाश म्हणाला, ‘क्या निकला, ये भी लिख के दोगे?’

लिहून दिलं. त्यानं ते उभ्यानं पूर्ण वाचलं, घडी केली आणि वरच्या खिशात ठेवलं.

आपला,
खुमेंद्र